चालू ट्रॅक्टरच्या बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग बघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या ट्रॅक्टरची काळजी कशी घ्यायची यावर आपल्या शेतीच्या पानावर जे छापून आलंय ते वाचलं. ऑइल, फिल्टर, ग्रीस सगळं बरोबर लिहिलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण बॅटरी चार्ज होतेय का हे बघायची जी युक्ती त्यात दिलीय ती वाचून राहवलं नाही. युक्ती अशी की ट्रॅक्टर चालू करायचा, मग बॅटरीचं एक टर्मिनल ढिलं करून काढायचं, इंजिन चालूच राहिलं तर अल्टरनेटर, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, चांगला आणि बंद पडलं तर गेलेला. आता ही युक्ती काही आजची नाही, गॅरेजात, शेतात, रस्त्याच्या कडेला लोक हेच करतात आणि एकमेकांना सांगतात, पण पेपरात छापून आलं की त्याला वजन येतं म्हणून हे पत्र. जमलं तर ते वाक्य दुरुस्त करून छापा, आणि ते नसेल जमत तर निदान हे पत्र तरी फार कात्री न लावता घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या डिझेल ट्रॅक्टरवर ही टेस्ट काहीच सांगत नाही. डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही, हवा दाबली गेली की तापते आणि त्यात डिझेल पडलं की आपोआप पेटतं, पंप गिअरवर चालतो, बंद करायचं तर स्टॉपची केबल ओढायची. म्हणजे एकदा चालू झालेल्या अशा इंजिनाला करंटशी काही घेणंदेणंच नाही. बॅटरी काढा, अल्टरनेटर काढा, बेल्ट तुटून खाली पडलेला असू द्या, ते आपलं टाकीतलं डिझेल संपेपर्यंत चालणार. मग टर्मिनल काढल्यावर इंजिन चालू राहिलं यावरून काय कळलं? काहीच नाही. ज्या ट्रॅक्टरच्या पंपावर करंटवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड (करंट गेला की डिझेल तोडणारा) आहे तिथे कदाचित इंजिन बंद पडेल, पण जुन्या ट्रॅक्टरमध्ये ओढायची केबलच जास्त दिसते. ही युक्ती आली ती पेट्रोल इंजिन, स्पार्क देणारी कॉइल आणि डायनामोच्या (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर) जमान्यातून, तिथे कॉइलला सतत करंट लागतो म्हणून तिला निदान थोडाफार अर्थ तरी होता. डिझेलवर ती कशी काय चिकटली देव जाणे.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी मधून काढली की जो करंट बॅटरीत जात होता त्याला एकदम जागाच राहत नाही, आतला व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर तेवढ्या वेळात आवरू शकत नाही, आणि व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, बारा व्होल्टच्या सिस्टिममध्ये ते साठ-सत्तर, कधी तर शंभराच्या आसपास जाऊ शकतं. क्षणभरच, पण आतल्या डायोडला (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि रेग्युलेटरला मारायला क्षणभर पुरतो. जळलेले बल्ब आणि बिघडलेलं मीटर हा वरचा नफा. कधी कधी तर गंमत अशी होते की अल्टरनेटर धडधाकट होता, दोष दुसरीकडेच होता, आणि टेस्ट करण्याच्या नादात अल्टरनेटर गेला, मग मेकॅनिक म्हणतो बघा मी म्हणत नव्हतो अल्टरनेटर गेलाय म्हणून. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन गॅस निघतो हे विसरू नका, टर्मिनल काढताना ठिणगी पडते, आणि त्या वेळी आपलं तोंड बरोबर बॅटरीच्या वर असतं. बॅटरी फुटली की ॲसिड डोळ्यात जातं. ज्याने एकदा फुटलेली बॅटरी बघितलीय तो परत हे करणार नाही.

आता लोक ही टेस्ट का करतात तेही समजून घेतलं पाहिजे. ट्रॅक्टरचं चार्जिंग बंद पडलं तरी लवकर कळतच नाही. पेट्रोल गाडी असेल तर थोड्या वेळात मिसफायर होऊन रस्त्यात उभी राहील, डिझेल ट्रॅक्टर मात्र दिवसभर नांगरट करून घरी येतो आणि काही तक्रार नाही. दिवसा लाइट लावत नाही, हॉर्न क्वचित, म्हणजे बॅटरीचा खर्च फक्त सेल्फ (स्टार्टर) मारण्याचा. सेल्फ ओढतो दोन-तीनशे अँपियर, पण पाचेक सेकंदच. हिशोब केला तर तीनशे अँपियर पाच सेकंद म्हणजे अर्धा अँपियर-अवर पण नाही होत. फुल चार्ज असलेली ऐंशी अँपियर-अवरची बॅटरी असेल तर चार्जिंग पूर्ण बंद असताना सुद्धा ती ट्रॅक्टर कितीतरी वेळा चालू करून देईल. म्हणून होतं काय की बॅटरी बसते, माणूस म्हणतो बॅटरी गेली, नवी आणतो, ती दुकानातून चार्ज होऊन आलेली असते, ट्रॅक्टर टकाटक चालू होतो, सगळे खूश, आणि काही आठवड्यांनी परत सकाळी सेल्फ नुसता टक टक करतो. मग बॅटरीच्या कंपनीला शिव्या. मग उतारावर ट्रॅक्टर लावायची सवय लागते आणि मूळ दोष वर्षानुवर्ष तसाच राहतो.

रात्रीचं काम असेल तर लवकर कळतं. पुढचे दोन पंचावन्न वॉटचे हेडलाइट म्हणजेच नऊ-सव्वानऊ अँपियर झाले, टेल लाइट, मीटरचे बल्ब धरून दहा-अकरा. मागे नांगराकडे टाकलेला लाइट असेल तर आणखी चार-पाच. त्या हिशोबाने तीच ऐंशीची बॅटरी चार्जिंगशिवाय पाच-सात तासात आडवी. म्हणून रात्री काम करणाऱ्याला अल्टरनेटरचा दोष एका रात्रीत कळतो आणि दिवसा काम करणाऱ्याला महिनाभर कळत नाही, दोष मात्र तोच.

तर बघायचं कसं. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, अगदी स्वस्तातला चालतो. डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा, लाल वायर व्होल्टच्या होलमध्ये आहे ना ते बघा, अँपियरच्या होलमध्ये राहिली आणि तशीच बॅटरीला लावली तर मीटरचा फ्यूज उडेल नाहीतर मीटरच उडेल. टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवायची, वरच्या क्लॅम्पवर नाही. हे लिहितोय कारण कितीतरी वेळा दोष त्या खुंटाच्या आणि क्लॅम्पच्या मध्येच बसलेला असतो, पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, खुंटावर एक आकडा येतो आणि क्लॅम्पवर दुसरा.

ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल तर सकाळी चालू करायच्या आधी पहिला आकडा घ्या. १२.६ किंवा थोडं वर म्हणजे बॅटरी फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ वर आली म्हणजे जवळपास रिकामी. ट्रॅक्टर नुकताच बंद केला असेल तर हा आकडा खोटा मोठा येतो, तेव्हा मिनिटभर हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा, मग बघा. आणि १०.५ च्या आसपास आकडा अडकून बसला असेल, चार्जर लावूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल गेलाय असं समजा, कारण प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा. तिथे अल्टरनेटर तपासत बसण्यात अर्थ नाही, आधी बॅटरीचं बघा.

मग गिअर न्यूट्रलला आहे ना बघून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. आकडा खाली पडणारच, दहाच्या आसपास राहिला तर ठीक, नऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

इंजिन चालू झालं की खरी गोष्ट आता. स्लोवर असताना आकडा काय म्हणतो यावर लगेच निकाल देऊ नका, जुने अल्टरनेटर स्लोवर फार काही देत नाहीत, हात ॲक्सिलेटरने रेस साधारण दीड हजार आरपीएमपर्यंत न्या आणि मग बघा. आकडा किती आला हे नंतर, आधी तो सकाळच्या आकड्यापेक्षा वर गेला की नाही ते बघा. १२.५ होता आणि रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ च्या मध्ये कुठेतरी जाऊन स्थिर झाला तर चार्जिंग होतंय, विषय संपला. १२.५ होता, चालू झाल्यावर १२.३ आणि तिथेच, रेस द्या न द्या, हळूहळू १२.२ कडे निघालाय, तर चार्जिंग नाही. मधला प्रकार लोकांना गोंधळात पाडतो, म्हणजे १३.१, १३.२ वर येऊन रेंगाळतो. बॅटरी बरीच उतरलेली असेल तर असं होऊ शकतं, बॅटरी सगळा करंट गिळत असते म्हणून व्होल्टेज चढत नाही. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, आकडा सावकाश वर सरकत असेल तर घाबरू नका. आणि १५ च्या वर जात असेल तर उलटा दोष, रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळून टाकणार, पाणी सारखं कमी होतंय आणि बॅटरीच्या वर ओलसर राहतंय असं ज्यांना दिसतं त्यांनी हा आकडा बघावाच.

रेस तशीच ठेवून आता हेडलाइट, मागचा लाइट सगळं लावा. चांगला अल्टरनेटर थोडा दबतो आणि परत साडेतेराच्या वर टिकून राहतो. नुसत्या इंजिनावर चौदा दाखवतो आणि लाइट लावले की बारा-साडेबाराला येतो, तर बेल्ट घसरतोय नाहीतर आतला एखादा डायोड गेलाय आणि अर्ध्याच ताकदीने चाललंय. हा प्रकार नुसतं बिनलोडचं बघून कधीच सापडत नाही, म्हणून लाइट लावून बघायला विसरू नका. हे सगळं करताना पंखा आणि बेल्ट समोरच फिरत असतात, गळ्यातलं उपरणं, सैल बाही, मीटरची लोंबणारी वायर, सगळं आधी आवरा.

एक सांगायचं राहिलं, बसलेली बॅटरी ठेवून अल्टरनेटर तपासू नका आणि बसलेली बॅटरी अल्टरनेटरने भरायच्या भानगडीतही पडू नका. धक्का मारून चालू केला आणि आता दिवसभरात होईल चार्ज, असं म्हणतात, पण तेवढा वेळ फुल लोडवर अल्टरनेटर तापत राहतो, जुना असेल तर त्यातच जातो. बॅटरी आधी चार्जरवर रात्रभर ठेवा, मग टेस्ट करा. झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने ॲसिडची घनता बघा, चार्ज झाल्यावर सगळ्या सेलमध्ये १.२६ ते १.२८ च्या दरम्यान यायला हवं, एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्या बॅटरीकडून आशा ठेवू नका.

बरं, आता समजा मीटरने सांगितलं की चार्जिंग नाही. म्हणून अल्टरनेटर काढून रिवाइंडिंगला न्यायची घाई नको. माझ्या बघण्यात अल्टरनेटरच्या आत दोष असण्यापेक्षा बाहेर असण्याचं प्रमाण जास्त दिसलंय, आणि बाहेरचा दोष तसाच राहिला तर नवा अल्टरनेटर बसवूनही काही होत नाही.

सगळ्यात आधी बेल्ट. इंजिन बंद करून दोन पुलीच्या मध्ये अंगठ्याने दाबा, एक-सव्वा सेंटीमीटर दबला पाहिजे, जास्त दबला तर ढिला, अजिबात दबत नसेल तर जास्त ताणलाय आणि बेअरिंग खाणार. बेल्टच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात का बघा. आणि पुलीच्या खाचेचा तळ बघा, तो जर चकाकत असेल तर बेल्ट झिजून तळाला टेकलाय, व्ही बेल्ट बाजूंनी पकडतो, तळाला टेकला की घसरणारच, कितीही ताणा. चालू केल्या केल्या चिरकणारा आवाज येतो तो पण हाच.

मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल बल्ब. हा बल्ब म्हणजे नुसता इशारा असं बहुतेकांना वाटतं, बल्ब गेला तर गेला, कोण बदलतंय. पण बऱ्याच जुन्या अल्टरनेटरमध्ये आतल्या रोटरला (फिरणाऱ्या चुंबकाला) जागं करणारा पहिला करंट या बल्बमधूनच जातो. बल्ब गेला की तो करंट बंद, मग अल्टरनेटर फिरतो नुसता, देत काही नाही, किंवा खूप रेस दिली की अचानक सुरू होतो आणि लोक म्हणतात कधी चार्ज करतो कधी नाही, लूज कॉन्टॅक्ट असणार. म्हणून चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा तो बल्ब लागलाच पाहिजे. इंजिन चालू झालं, रेस थोडी वाढली की विझला पाहिजे. चावीवर लागतच नाही हा दोष, आणि चालू झाल्यावर विझत नाही हाही दोष. आजकाल डॅशबोर्डच्या मीटरमधले बल्ब काढून एलईडी टाकायची फॅशन आलीय, छान दिसतं, पण एलईडीतून जाणारा करंट फार थोडा, त्याने रोटर जागा होत नाही. मीटर सुंदर आणि बॅटरी रिकामी असे ट्रॅक्टर बघितलेत. तिथे दोन-तीन वॉटचा साधा बल्बच ठेवा.

चावीवर बल्ब लागत नसेल तर अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर काढून ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला टेकवा, चावी चालू, इंजिन बंद. बल्ब लागला तर बल्ब आणि वायर ठीक, अल्टरनेटरच्या आतले कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा रोटर तुटलाय. नाही लागला तर वायर किंवा बल्बच. पण बारीक वायर म्हणजे बारीकच, बोल्टवर घट्ट केलेली जाड वायर थेट बॅटरीवरून आलेली असते, चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतो, ती लोखंडाला लागली तर वायरिंग पेटेल. कोणती कुठली हे नक्की कळत नसेल तर हात लावू नका. त्यापेक्षा सोपं, चावी चालू करून स्क्रू ड्रायव्हरचं टोक पुलीच्या मधल्या नटाजवळ किंवा मागच्या बेअरिंगजवळ न्या, इंजिन बंद असताना बरं का, लोहचुंबकासारखं ओढलं तर रोटरला करंट पोचतोय. एवढ्यावरून अल्टरनेटर चांगला असं म्हणता येत नाही, पण निदान कार्बनपर्यंतचा रस्ता मोकळा आहे हे कळतं.

राहिली वायरिंग आणि अर्थिंग, आणि इथे जुने ट्रॅक्टर सगळ्यात जास्त मार खातात. रेस वर, सगळे लाइट चालू, मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लस खुंटावर. आकडा शून्याच्या जवळ पाहिजे, ०.३ पर्यंत सोडून द्या, त्याच्या वर गेला तर मधल्या वायरमध्ये कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय, गंजलेला लग, अर्धी तुटलेली तार, जळकं कनेक्शन. मग एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर, इथे ०.२ च्या वर नको. ही दुसरी टेस्ट फार कमी लोक करतात. एका ट्रॅक्टरवर अल्टरनेटर बदलून झाला, बॅटरी बदलून झाली, तरी बॅटरीवर १२.९ च्या वर आकडा जात नव्हता, आणि मीटरची दोन्ही टोकं अल्टरनेटरवरच, एक बोल्टवर आणि एक बॉडीवर, लावली की १४.३. म्हणजे तयार होत होतं पण पोचत नव्हतं. ट्रॅक्टरला नुकताच रंग दिलेला, ब्रॅकेट काढून चारी बाजूंनी मस्त जाड रंग मारून परत बसवलेलं, अल्टरनेटरची बॉडी इंजिनाला नीट टेकतच नव्हती, रंगाला टेकत होती. ब्रॅकेटच्या बसायच्या जागा सँडपेपरने घासल्या, बॉडीपासून इंजिनापर्यंत एक वेगळी अर्थची वायर टाकली, बॅटरीवर चौदाच्या वर आकडा आला. तोपर्यंत त्या माणसाचा खर्च होऊन गेला होता ती गोष्ट वेगळी.

काही ट्रॅक्टरवर अजून डॅशवर अँपियरचा काटा आहे, तो चालू असेल तर जपून ठेवा, फार कामाचा आहे. पण तो वाचायचा कसा ते माहीत पाहिजे. चालू केल्यावर काटा प्लसकडे जातो आणि थोड्या वेळाने शून्याच्या जरा पुढे येऊन थांबतो. शून्याजवळ आला म्हणून चार्जिंग बंद पडलं असं नाही, बॅटरी भरलीय म्हणून ती आता कमी घेतेय. लाइट लावल्यावर मायनसकडे जाऊन रेस देऊनही तिथेच पडून राहिला तर मात्र गडबड.

आणि खरोखर जुना ट्रॅक्टर असेल तर त्यावर अल्टरनेटर नसून डायनामो असू शकतो, तिथे हे आकडे थोडे वेगळे वागतात. डायनामो लांबट, नळकांड्यासारखा बंद, वर दोन टर्मिनल, डी आणि एफ, आणि रेग्युलेटर वेगळ्या डब्यात, ज्याला आपण कटआउट म्हणतो. अल्टरनेटर आखूड, जाडा, जाळीतून आतली तांब्याची तार दिसते. डायनामो स्लोवर जवळपास काहीच देत नाही, लाल बल्ब स्लोवर मिणमिणला तर तो दोष नाही, रेस दिल्यावर विझला की झालं. त्याची ताकदही कमी, खूप जणांचे वीस-बावीस अँपियरच्या आतले, त्यावर चार-चार एक्स्ट्रा लाइट टाकून बॅटरी बसते म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. डायनामोवर डी-एफ जोडून तपासायची जी जुनी पद्धत आहे ती माहीतगारानेच करावी आणि अल्टरनेटरवर तर कधीच नाही. काही जुन्या ट्रॅक्टरना प्लस अर्थ असतो, बॅटरीची प्लस बाजू बॉडीला, तिथे नेहमीच्या सवयीने बॅटरी उलटी बसवली तर काय होईल ते सांगायला नको, आधी केबल कुठे जाते ते बघून घ्या.

एक प्रकार असा असतो की चार्जिंग चौदा दाखवतंय, सगळं छान, आणि तरी दोन दिवस उभा ठेवला की बॅटरी रिकामी. तेव्हा ट्रॅक्टर बंद करून बराच वेळ झाल्यावर अल्टरनेटरला हात लावून बघा, इंजिन गार झालंय आणि अल्टरनेटर कोमट लागतोय तर डायोड लीक होऊन बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जातोय. दुसरी खूण म्हणजे इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर डायोडचा संशय पक्का, अर्थात अगदी स्वस्त मीटर कधी कधी एसीवर भलतंच काहीतरी दाखवतात, त्यामुळे नुसत्या या एका आकड्यावर जाऊ नका. लीकेज किती ते मोजायचं तर सगळं बंद करून, मायनसची केबल काढून, केबल आणि खुंट यांच्या मध्ये मीटर अँपियरवर लावायचं, जुन्या ट्रॅक्टरवर काहीच चालू नसतं तर आकडा जवळपास शून्य हवा. मीटर असं लावलेलं असताना चुकून सुद्धा सेल्फ मारू नका.

टर्मिनल काढायची गरज कधी पडतेच, पण इंजिन बंद करून, आणि मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लस अर्थवाल्यांनी उलट धरावं, जी बाजू बॉडीला आहे ती आधी काढायची.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की एवढं करण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला दाखवलेलं बरं. दाखवा की, पण जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्या, बंद असतानाचा, रेसवरचा, आणि रेसवर लाइट लावून आलेला. त्यावरून त्याला निम्मं काम कळतं, आणि आकडे बघून सुद्धा तो पाना घेऊन चालू इंजिनाचं टर्मिनल सोडवायला निघाला तर ट्रॅक्टर तिथून उचला.

आता शेवटी ज्याबद्दल कोणीच लिहीत नाही ते. नांगर, ट्रॉलीचा हूक, बंपर, काही तुटलं की ट्रॅक्टरला जोडलेलं असतानाच वेल्डिंग मारून घ्यायचं ही सर्रास पद्धत आहे. वेल्डिंगचा करंट बॉडीतून कुठूनही परत जातो, अल्टरनेटरच्या डायोडमधून सुद्धा, आणि मग त्या दिवसापासून चार्जिंग बंद, आणि त्याचा संबंध वेल्डिंगशी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. शक्य असेल तर अवजार सोडवून बाजूला घेऊनच वेल्डिंग करा. ट्रॅक्टरवरच करावं लागलं तर बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, अल्टरनेटरच्या मागच्या वायरी काढून त्यांची टोकं टेपने गुंडाळा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे टाका मारायचाय त्याच्या अगदी जवळ लावा, लांब टायरच्या रिमला नाही. सगळं परत जोडून झालं की ट्रॅक्टर चालू करा, रेस द्या आणि मीटर लावून बघा चौदा येतायत का.

आपला,
एक ट्रॅक्टरवाला वाचक